उजवी बाजू डावीवर

दिघीच्या डेपोत, सात नंबर शेडमध्ये,
खोका फोडला की आधी येतो वास:
सिलिकाच्या पुड्यांचा, कोऱ्या कापडाचा,
आणि थोडासा समुद्राचा, किंवा मला तसं वाटतं.

मी नग बाहेर काढते, उलटा करते.
कपड्याची जात आतल्या शिवणीला विचारावी.
भिंग ठेवून पाहते: फासे, की उभे-आडवे धागे?
फासे असले तर अध्याय एकसष्ट,
उभे-आडवे असले तर बासष्ट.
मराठीत आपण दोन्हीला विणणंच म्हणतो,
गोठ्यातल्या म्हशीच्या वेतालाही वीण म्हणतो.
पुस्तकाला एवढा सैलपणा परवडत नाही.

मग बटणं.
उजवी बाजू डावीवर आली तर बाईचा,
डावी उजवीवर आली तर पुरुषाचा.
अध्यायाच्या टिपांत छापलंय तसं.
नोकरी लागली त्या आठवड्यात
मी कपाट उघडून घरातले सगळे शर्ट तपासले.
नवऱ्याचा एक निघाला बायकी.
तीन वर्षं घालत होता ऑफिसात.
मी काही बोलले नाही.

आणि त्याच टिपेत खाली:
जो कपडा दोघांपैकी कुणाचा ते ओळखू येत नाही
तो बायकांच्या खात्यात धरावा.
वाचून पेन खाली ठेवलं होतं मी.
तांबोळी म्हणाला, काय झालं मॅडम?
म्हटलं, काही नाही रे.
सोसायटीच्या टाकीचं झाकण फुटलंय,
आठवलं.

आज अडलंय ते वेगळंच.
बाराशे नग. सुती, मागावरचे, घोट्यापर्यंत लांब,
पुढे दोन खिसे, गळ्याशी पाच बटणं.
इनव्हॉइस म्हणतं: रात्रीचा पोशाख.
किन्हीकर साहेब म्हणतात: हा तर ड्रेस.
ड्रेसला टक्के किंवा नगामागे ठरलेले रुपये,
जे जास्त भरतील ते.
रास्ता पेठेतले सोलंकी शेठ फोनवर कळवळतात,
ताई, झोपायचाच आहे, आईशप्पथ!

साहेब नग उजेडात धरतात.
यात झोपतात, की यात वावरतात?

मी शेडच्या दाराकडे बोट करते.
रस्त्यापलीकडे, कोथिंबिरीच्या हातगाडीशी,
सकाळी साडेअकराला
एक बाई. फुलाफुलांचा गाऊन, वरून ओढणी,
पायात पुरुषी चपला.
जुडी हुंगते, परत ठेवते, दुसरी उचलते,
भाववाल्याला असं काही सुनावते
की तो आपणहून मिरच्या घालतो.

साहेब बराच वेळ बघतात.
ओढणी कशाला मग?
ओढणी घेतली की दिवस होतो, साहेब.
आणि काढली की?
रात्र.
ते पुन्हा कागद चाळतात.
ओढणी इनव्हॉइसमध्ये आहे का?
नाही.

दोन नमुने लाखेनं सील झाले,
वरून मत यायला महिना तरी लागेल.
तोवर बाराशे बायकांचे दिवस-रात्र
पट्ट्या मारलेल्या खोक्यांत, शेडभाड्यावर.
तांबोळी कडीला कुलूप घालतो, ओढून बघतो.

मी घरी पोचेन तेव्हा आठ वाजलेले असतील.
मीही माझा घालीन, भोसरीच्या बाजारातला,
एक खिसा उसवलेला.
मग पातेल्यात दूध नासलेलं दिसेल
आणि मी ओढणी शोधायला लागेन.