हातमोजे न काढता

शिकार उघडायला आठ दिवस होते तेव्हा साइमी दुकानात आली,
पाइविओची धाकटी. मूस हरणाच्या टोळीत
यंदा पहिल्यांदाच तिचं नाव लागलेलं.
काउंटरवर तिनं कागद पसरला.
यादी वाणसामानाएवढी, बेरीज नव्या गाडीएवढी.

बैस म्हटलं. आधी कॉफी.
खिडकीबाहेर तळं काठाकाठानं साय धरत होतं.

हे जाकीट. याची चेन ओढून बघ.
छान सरकते ना, इथं, शेगडीशी?
उणे अठराला तिच्या दातांत तुझाच श्वास गोठून बसला
की आत कोंडलीस.
लघवीला जायचं तरी चेनच्या मिनतवाऱ्या.
ही लाकडी बटणं आजोबांच्या कोटाची वाटतात, वाटू देत.
थंडी पडली की नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आता बाही कानाशी धरून चुरगळ.
ऐकलंस? वेफर्सचं पाकीट.
मुसाचे कान तुझ्या पंजाहून मोठे,
दोनशे पावलांवरून त्याला कळतं कोण खाऊ खातंय.
लोकर घे.
लोकर गप्प बसते.

बंदूक वडलांचीच ने.
तिचा खटका कुठं अडतो ते तुझ्या बोटाला ठाऊक आहे,
नवीशी ओळख व्हायला दोन हिवाळे जातील.
फक्त तेल पूस, सगळं, ठणठणीत कोरडी कर.
थंडीत तेलाचा मध होतो,
आणि चाप ओढल्यावर नुसतं
टक्.
मग तो नर मान वळवून बघतो,
चुकीच्या दारावर आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

यादीत पाचवे होते बूट.
तेच बूट. रंग तेवढा बदललाय.

माझ्या तौनोनं घेतले होते. पेटीवर डोंगराचं चित्र,
तळवा मात्र डिंकानं डकवलेला.
रशियाच्या हद्दीकडच्या दलदलीत, दुपारी तीनला, अंधार पडता पडता
उजव्या बुटानं जीभ बाहेर काढली.
पाणी आत. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली.
दोरी एकच होती जवळ, कुत्रीच्या गळ्यातली.
ती सोडून त्यानं बूट बांधला.

तौनो आला. अकरा किलोमीटर चालून.
दहाही बोटं घेऊन आला.
दोरी आली, गाठीसकट.
हाल्ला आली नाही.
त्या वर्षी लांडगे फार होते, त्यांचा तरी काय दोष.
कंपनीनं पैसे परत केले, माफीचं पत्रही धाडलं.
कागद जाड होता, सुरेख.
त्याला सही करावी लागली, पोच म्हणून.

साइमी कप फिरवत राहिली.
मग घेऊ तरी काय, इल्मामावशी?

मी उठले, दुकानाचा दिवा मालवला.
म्हटलं, हातमोजे घाल. काढायचे नाहीत.
आता काडी पेटव. पिशवीचा बंद सोड. दोरीला गाठ मार.
जे जमेल ते तुझं.

काळोखात बराच वेळ खुडबुड.
काहीतरी फरशीवर पडलं, महागातलं, आवाजावरून.
मग एक शिवी, हुबेहूब पाइविओची,
तो दारूत असतानाची नाही, ट्रॅक्टर दुरुस्त करतानाची.
आणि मग काडी ओढल्याचा आवाज,
आणि तिचं नाक, भुवया, दातांत धरलेला जिभेचा शेंडा.

बिल झालं एकशे बारा युरो.
मेण लावलेल्या काड्या, दाभण, पक्का दोरा,
नारिंगी टोपी,
भूर्जाच्या मुठीचा सुरा, कारण गारठलेली लोखंडी मूठ हात चावते.
बुटांना म्हटलं, तुझे जुनेच आण उद्या,
तळव्याला चहूबाजूंनी टाके घालून देते.

दोरीचं एक वेटोळं तिनं उचललं.
दोन घे, मी म्हटलं.

दुसरी कशाला?

एक कुत्र्याची.
ती कशालाही वापरायची नाही.