जेवणानंतर दोन तासांनी

माझ्याकडे अजून कार्डं आहेत.
पिवळी, कोपरे मऊ झालेली,
बुटांच्या खोक्यात आडनावाप्रमाणे लावलेली.
मार्च वीसपर्यंत महिन्याला एक ओळ:
उपाशीपोटी इतकी, जेवणानंतर इतकी, वजन,
आणि पाय बघितले की बरोबरची खूण.
मग कोरी जागा,
बोटाच्या एका पेराएवढी.

त्या पेरात घाटल्यातली आमची गल्ली
आडवे बांबू बांधून बंद होती.
कंपाउंडर गावडे कणकवलीला अडकलेले,
पुड्या मीच बांधत होते, वाकड्या.
माझ्या आणि पेशंटच्या मध्ये
न्हाणीघराचा पडदा टांगलेला, त्यावर निळे मासे.
माशांच्या मधून मी लोकांच्या जिभा बघायचे.

साखरवाले येत नव्हते.
मीच सांगितलं होतं, येऊ नका,
तुम्हाला झाला तर जड जाईल.
संध्याकाळी सातनंतर फोन.

शिरधनकर काकूंचा फ्रीज बंद पडलेला.
इन्सुलिन माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात.
चालेल ना?
चालेल, म्हटलं.
फोन ठेवल्यावर पुस्तक उघडून खात्री केली.

मुकादम खोलीतल्या खोलीत चालायचे,
पलंग ते मोरी अकरा पावलं,
फेऱ्या तसबीच्या मण्यांवर मोजत.
बायको म्हणते, फरशी झिजतेय.
झिजू दे, मी म्हटलं, आणि दोघंही हसलो,
खूप दिवसांनी, जरा जास्तच वेळ.

शेवंता उघडेची चारही घरची कामं सुटलेली.
तिला मी नेहमीचं सांगितलं:
जेवणानंतर दोन तासांनी तपास, मग आकडा कळव.
पलीकडे नळाचा आवाज येत राहिला.
मग म्हणाली,
बाई, जेवणच झालं नाही
तर दोन तास कुठून मोजू?

चार दिवसांनी पाकिटं आली, नुसत्या भाताची.
आकडा तीनशे चाळीस.
भात कमी कर, हे माझं बावीस वर्षांचं पाठ वाक्य
ओठापर्यंत आलं.
गोळी वाढवली फक्त.

आणि तांडेल.
नातवाने फोन धरलेला, आजोबांचा पाय पाटावर.
चित्र मध्येच चौकोन चौकोन व्हायचं.
अंगठ्याच्या कडेला काहीतरी काळं.
जवळ आण. अजून जवळ. दिवा लाव रे.
सावली पडलीय डॉक्टर, तांडेल म्हणाले, दुखत तर नाही.
दुखत नाही, हेच तर मला ऐकायचं नव्हतं.
तरीही म्हटलं, बरं, उद्या उजेडात दाखवा.

मलाही ती सावलीच हवी होती.

उद्या त्यांची इमारत सील झाली.
परवा नातवाला ताप.
अकराव्या दिवशी शीवला खाट मिळाली
तोवर अंगठा गेलेला, शेजारचं बोटही.
कार्डावर हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला अजून सुचलेलं नाही.

नोव्हेंबरात ते स्वतः आले, काठी टेकत,
पडद्यासमोर उभे राहिले,
माशांकडे बघत म्हणाले, ही पापलेटं कुठल्या बाजारची?
जन्म ससून डॉकला गेला, असलं निळं पापलेट नाही पाहिलं.
मी पडदा बाजूला सारला.
खाली बसले, त्यांची चप्पल काढली,
हातमोजा घातला होता, तोही काढला.
टाच, घोटा, जिथे दोन बोटं नव्हती ती गुळगुळीत कड.
किती महिन्यांनी कुणाचा पाय हातात घेत होते.

ते छताच्या पंख्याकडे बघत होते.
थोड्या वेळाने म्हणाले,
लावा की हात, डॉक्टर. आता कशाला भिता?

लावलाय, मी म्हटलं.

कोऱ्या जागेखाली तारीख घातली.
पाय बघितले.
पेन खूण करायला टेकलं
आणि शाईचा ठिपका होईपर्यंत तिथेच राहिलं.