डोळे बांधून दुसरी फेरी

विज्ञान इमारतीत मानसशास्त्राला खोली द्यावी का,
ह्यावर बैठक चाललेली. मी चहा घेऊन आत गेलो
तेव्हा टोके सर म्हणत होते,
यांच्याकडे सामान काय? एक आरसा, एक थांबघडी.
तापमान मोजता येतं. उदास कशानं मोजणार?

मी सावद्याच्या ह्या कॉलेजात परिचर.
रसायनात बावीस वर्षं, मग गुडघे गेले
म्हणून वारके मॅडमच्या खोलीत नऊ.
मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
मीठ ओळखायची परीक्षा सांगितली असती:
पोरं दारामागे येऊन मला मिठाचं नाव विचारायची
आणि मग निरीक्षणं लिहायची.
'पांढरा साका पडला.'
नळी तर जाळीत उलटी, कोरडी ठाक.

मॅडमची प्रश्नावली बाहेरून छापून आलेली.
'गेल्या दोन आठवड्यांत निरर्थक वाटले का?
कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.'
मी ती केळी भरणाऱ्या बायकांना वाचून दाखवली.
एक म्हणाली, निरर्थक म्हंजे कोन्तं, भाऊ?
दुसरी म्हणाली, घड उचलताना काही वाटत नही,
ट्रक गेला का वाटतं.
ह्याला चौकट नव्हती.
मॅडमनी गठ्ठ्यावर तारीख टाकली,
खाली लिहिलं, चूक आपली,
आणि चार महिने नुसत्या त्या बायकांचं बोलणं उतरवत बसल्या.

मग सुपडू पाणाड्या.
मे महिना, भुसावळात सत्तेचाळीस.
फिरक्यांच्या मळ्यात त्यानं तळहातावर आडवा नारळ धरला
आणि चार जागी तो उभा राहिला.
मी पाहिलाय. उगाच कशाला नाही म्हणू?
टोके सर हसले आणि गाडीत जाऊन बसले.
मॅडमनी चार ठिकाणी चुना टाकला,
एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती माझ्या खिशात घातली,
आणि म्हणाल्या, बाबा, डोळे बांधून आणखी एक फेरी?
सुपडू म्हणाला, बांधा.

ह्या खेपेला नारळ पाच ठिकाणी उभा राहिला.
चुन्यापाशी एकदाही नाही.
एकदा तर मोटारसायकलीच्या स्टँडजवळ.
पट्टी सोडली तसा तो बांधावर बसला,
नारळ मांडीवर घेऊन, मुलाला घ्यावं तसा.
'मी नही उभं करत त्याले, बई.'
'ठाऊक आहे बाबा. तुमचा हात करतो, तुम्हाला न सांगता.'

चिठ्ठीत होतं:
तीन जागा जुळल्या तर माझं म्हणणं खोटं,
आणि हे मी गावासमोर वाचीन.

फिरक्यांनी मग यंत्रवाले आणले.
यंत्रानं दाखवलं तिथं सातशे चाळीस फूट,
धूळ, नुसती पांढरी धूळ, केळीच्या पानांवर बसलेली.
खडक फसवा निघाला, म्हणाले.
मी विचारलं, हे तुमच्या वहीत लिहिता का?
ते वायर गुंडाळत होते.

खोली मिळाली. जिन्याखालची,
अर्धी जुन्या तराजूंनी भरलेली.
आरसा मीच उचलून नेला.

परवा सुपडू तिथं येऊन उभा. म्हणाला,
परत बांधा. मले पाह्यचंय.
म्हणून आज दहा खड्डे,
कुठल्या पाचांत पाण्याचा कॅन
ते मी एकट्यानं चिठ्ठ्या उचलून ठरवलं, माती सारखी केली.
मॅडमना सांगायला गेलो तर त्यांनी कान झाकले.
'मला कळलं तर माझ्या पायांना कळेल,
आणि माझे पाय त्यांना ऐकू जातील.
तुम्हीसुद्धा दूर जा, भाऊ. तुमचा श्वास बोलतो.'

तेव्हापासून मी केळीत उभा आहे,
पाठ फिरवून, रुमाल तोंडावर,
सगळं ठाऊक असलेला एकटाच.
मागे पावलं वाजतात. थांबतात.
मान वळवावीशी फार वाटते आहे.