रीडिंग

मायको सर्कलच्या पुढे, झेरॉक्सच्या दुकानावर,
पहिल्या मजल्यावर,
दर गुरुवारी माझी मुलगी फुगे फोडते.
खरे नव्हेत. पडद्यावरचे.
समोर कॅमेरा, फरशीवर चिकटपट्टीची फुली,
फुलीवर तिची खुर्ची,
आणि पडद्यात काड्यांची एक प्रांजल,
सांध्यासांध्यावर हिरवे ठिपके.

बेंडकुळे मॅडम म्हणतात, तू खेळ, आम्ही नुसतं बघतो.
बघत असतं मशीन:
कोपर किती उघडलं, खांदा किती उचलला,
हात फुग्याकडे सरळ गेला की गावभर फिरून.

गावभर फिरूनच जातो तो.
निघतो फुग्याकडे, पोचतो कानाशी,
तिथून मांडीवर, पुन्हा वर,
आणि बोटं मध्येच उमलतात, कुणी न सांगता.
नऊ वर्षं बघतोय मी.
कागदावर त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं:
निळी रेघ,
शाईत पडलेली मुंगी सुटून पळावी तशी.

मी अंबडला क्वालिटीत आहे. बावीस वर्षं.
शाफ्ट फिरवायचा, डायल गेज लावायचा,
काटा दोन घरं जास्त हलला
की लाल टॅग, की पेटीत.
त्या रेघेकडेही मी त्याच डोळ्यांनी बघितलं.
खिशातलं पेन निघालंसुद्धा.
परत ठेवलं.

बारा फुगे होते. पहिल्या सातातले पाच फुटले.
आठवा पिवळा.
हात निघाला, वळसे घेत, दम लागेपर्यंत,
फुग्यापासून वीतभर अंतरावर पोचला
आणि थांबला.

थांबला म्हणजे थांबला.
बोटं मिटली नाहीत, उडाली नाहीत.
खाली कुणीतरी शटर ओढलं धाडकन.
एरवी ताटात चमचा पडला तरी
सगळं अंग दचकतं तिचं.
फुगा हळूहळू वर सरकला,
कडेला गेला, पडद्याबाहेर.
मशीन म्हणालं टुंग. चुकला.

का गं, नाही फोडलास?
शब्दही तिचे हातासारखेच येतात, लांबून.
मॅडम थांबून राहिल्या. घाई करत नाहीत त्या कधी.
"त्याला... जा...यचं होतं."

रिपोर्टवर आठव्या फुग्यापुढे शून्य आहे.
पण रेघ बघा.
सगळ्या त्या गुंतवळ्यात एक तुकडा सपाट,
चार सेकंद,
आमच्या ग्रॅनाइटच्या टेबलासारखा सपाट.
मॅडमनी पेन्सिलने त्याला गोल केला
आणि शेजारी काय लिहावं ते
त्यांना सुचलं नाही.

सातपूरच्या बसमध्ये कागद मांडीवर घेतला,
गोलाखाली तारीख टाकली, सही केली,
पास झालेल्या मालावर करतो तशी.
बस खड्ड्यात गेली.
सही अशी काही आली की प्रांजल खिदळायला लागली,
माझा हात धरून,
तिच्या हाताने,
तिसऱ्या प्रयत्नात.