पुढच्याचं सरपण

ब्रेझ्नोची पहिली बस मला फाट्यावर सोडते.
ड्रायव्हर विचारत नाही, म्हातारी एकटी कुठे.
त्याला माहीत आहे: महिन्याचा पहिला शनिवार,
पाठीवर पिशवी, पिशवीत मेणबत्त्या, काडेपेट्या,
मिठाची पुडी आणि एक कोरी वही.

तीन तासांची चढण. गेयझा असताना दोन.
तो पुढे चालायचा आणि मागे वळून न बघता
सांगायचा, "झेल्मीरा, इथे शेवाळ आहे."
आता शेवाळ माझं मलाच सांगतं.

झोपडीला नाव नाही.
नकाशावर तेवढं एक छप्पर छापलंय, नखाएवढं.
लाकूडतोड्यांनी बांधली, सरकार विसरलं,
मग आम्ही आठ-दहा जणांनी तिच्या डोक्यावरचा पत्रा
दोनदा बदलला.
वरच्या धारेवरचे स्प्रूस किड्यांनी खाल्ले,
खात्याने ते तोडून नेले,
तेव्हापासून रात्री खिडकीत गावाचे दिवे दिसतात.
पूर्वी नुसता अंधार दिसायचा, आणि तो बरा होता.

दाराला कडी आहे, कुलूप नाही.
कुलूप गेयझाला चालायचं नाही.
म्हणायचा, आत येणारा चोर असला
तरी आधी तो ओला असतो.

नियम एकच, लोखंडी चुलीमागच्या फळीवर
त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात कोरलेला:
जाताना पुढच्यासाठी सुकं, फोडलेलं सरपण ठेव.
पुढचा म्हणजे कोण, ते त्याने कधी सांगितलं नाही.
मी सत्तावीस वर्षं पोस्टात काढलेली,
पत्त्याशिवाय काही ठेवायचं म्हणजे
मला कसंतरीच व्हायचं.

फेब्रुवारीत दार ढकललं तर
खिडकीखालचा बाक नव्हता.
बीचचा. त्यानेच रंधा मारून गुळगुळीत केलेला;
तेव्हा जो खोकला लागला
तो शेवटपर्यंत घरातच राहिला.
चुलीत राख. राखेत चार खिळे.
मी उभ्या उभ्या एक शिवी दिली,
ती मला येते हे मलाच ठाऊक नव्हतं.
मग वही उघडली.

"आम्ही तिघं. बिस्त्रीक ओढ्यात पडला, कमरेपर्यंत.
सरपण पहाटे दोनला संपलं.
दोन ओंडके आहेत, पण ते फोडलेले नाहीत,
आणि कुऱ्हाड हातात धरवत नाही.
बाक पायांनी मोडता आला.
आधी टेबल मोडणार होतो,
पण टेबलावर ही वही होती."
बाकी नाव ना गाव.

वाचलं. परत वाचलं.
जानेवारीत गुडघा ठणकत होता,
आणि शेवटचे दोन ओंडके तसेच सोडून
मी शेवटची बस गाठली होती.
कुणी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी कुऱ्हाडीला हात लावला नाही.
मार्च, एप्रिल गुडघ्याने घरी बसवलं.
कोबीची पानं बांधत राहिले,
कुणाशी काही बोलले नाही.

मेमध्ये चढले, जुने पिनकोड मोठ्याने म्हणत,
अस्वलाला माणसाची चाहूल लागावी म्हणून.

खिडकीखाली बाक होता.
पाइनचा, राळ अजून हाताला चिकटणारी,
रंधा नाहीच, कुऱ्हाडीनेच सपाट केलेला.
एक पाय आखूड, त्याखाली
सार्डिनच्या डब्याचं झाकण, दुमडून चौघडी केलेलं.
बसलं की डावीकडे कलतो.
गेयझा त्यावरून दिवसभर बडबडला असता
आणि रात्री त्याच्यावरच झोपला असता.

वहीत शोधलं. एक अक्षर नाही.
एका पानावर तेवढा राळेचा अंगठा.

पाय सारखा करावा म्हणून सुरी काढली,
परत ठेवली.
बाहेर जाऊन फोडायला लागले.
गुडघा ओरडत होता, ओरडू दे.
वळचणीखाली भिंतीएवढी रास लागली,
तेव्हा आत आले
आणि चुलीमागून ते दोघे ओढून काढले,
जानेवारीचे, जाळ्यांनी भरलेले.
तेही फोडले.
आतून अगदी कोरडे होते.