ठिकाण

लग्नसराई संपली की कॅमेऱ्याला काम नसतं.
वरमायांचं ठरावीक हसू,
हळदीचे डाग, वरातीतले घामेजलेले मेहुणे
पेनड्राइव्हमध्ये भरून ज्याचं त्याला दिलं
की मी हेमराज रहांगडालेच्या धुऱ्यावर जाऊन बसतो,
खताचं रिकामं पोतं अंथरून.

मागल्या साली परहे लावताना
बांधीच्या मधोमध सारसाच्या जोडीनं
काडीकचऱ्याचा ढीग रचला, वर दोन अंडी.
हेमराजनं तेवढी जागा सोडून रोवणं उरकलं.
ओळ तिथं वाकडी गेली.
"दोन पायल्या धान कमी होईन," म्हणाला,
"पाहुने आहेत."

मादी चोचीनं अंडं फिरवताना वाकली,
तेवढ्यात ढगातून ऊन निसटलं.
असा फोटो माणसाला आयुष्यात एकदा मिळतो.
मी टाकला.
खाली गावाचं नाव, बोडीचं नाव,
आणि नकाशावरचा तो लाल ठिपका.
वाटलं, लोक बघतील, बघतील तर जपतील.

दोन दिवसांत अकरा हजार बदाम.
पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, रडू आलं.
तिसऱ्या दिवशी सहा गाड्या,
चिखलात रुतलेली एक, ती ढकलायला आम्हीच.
कोणीतरी आकाशात भुंगा सोडला चार पंख्यांचा.
जोडी उठली, पल्याडच्या धुऱ्यावर
दिवस मावळेस्तोवर उभी राहिली.
कावळ्यांना इतका वेळ खूप झाला.
उरलेलं अंडं ती उबवत बसली पुढं कितीतरी दिवस.
त्यात काही नव्हतं.

हेमराज रागावला नाही, तेच वाईट.
एवढंच विचारलं,
"फोटोले वास येते का रे?
यायले रस्ता कसा सापडला?"

मी फोटो पुसला.
तोवर तो शंभर जणांच्या भिंतींवर लागला होता,
काहींच्या खाली त्यांचंच नाव.

कापणीच्या दिवसांत ती
अकरा हजारांच्या तारेखाली पडलेली दिसली.
एक पंख जळका. लाल मान मातीत.
नर थोडा दूर, एका पायावर.
मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.
हेमराजची सासू, फुलनबाई, विळा खाली ठेवून म्हणाली,
"काढ.
लगनात रडनाऱ्या पोरीचा काढतोस ना?"

काढला.
गावाचं नाव नाही, बोडीचं नाही.
पंखाच्या मागं खांब,
खांबावरची पत्र्याची पाटी
आणि तिच्यावरचा नंबर, स्पष्ट.
तो पत्ता ज्याला वाचता येतो
त्यानंच यावं, म्हणून.

बदाम आले दोनशे चाळीस.
एकानं लिहिलं, सकाळी सकाळी असलं टाकत जाऊ नका.
पण कोणी कोणाला पाठवलं कोण जाणे,
थंडीत लाइनमन शेषराव मेश्राम शिडी घेऊन आला,
चार खांबांमधल्या तारांवर
नारिंगी चकत्या टांगून गेला.
"सायबाच्या मोबाइलवर नंबर आला होता," म्हणाला,
चहा घेतला, साखर जास्त मागितली.
पाचव्या खांबाचं विचारलं
तर म्हणाला, चकत्या संपल्या.

यंदा नर आलाय. सोबत कोणी आहे.
ती नाही, हे चालीवरून कळतं.
पुढचं मी सांगणार नाही.
मोबाइल दर वेळी विचारतो, ठिकाण जोडायचं?
दर वेळी मी अंगठा "नाही"वर नेतो
आणि दर वेळी तो जरासा थांबतो,
खोटं कशाला बोलू.

काल एकच फोटो टाकला:
हेमराजचे पाय, घोट्यापर्यंत पाणी,
आणि परह्यांची एक ओळ,
जी सरळ येता येता एका जागी वळते
आणि पुन्हा सरळ होते.
एकेचाळीस बदाम.
कोणीतरी विचारलं, दादा, ओळ वाकडी का?

हेमराजला वाचून दाखवलं.
हात धुऊन त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं,
"लिही," म्हणाला, "पाहुने."