तिसऱ्या गुरुवारची गाडी

दर तिसऱ्या गुरुवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी
मी गाडी लावतो चर्चच्या भिंतीला खेटून,
म्हणजे वारा निदान एकाच बाजूने मारतो.
स्कॉटलंडचं हे वरचं टोक.
याच्यापुढे समुद्र, त्याच्यापुढचं मला माहीत नाही.
दोन हजार पुस्तकं, एक हीटर, वीस मिनिटं.

इशबेल मॅके आली शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट,
कोटाखाली ॲप्रन तसाच, बोटांना कांद्याचा वास.
"एफीला काहीतरी काळं वाचायचंय," म्हणाली,
दुकानात दोरा मागावा तसं.
मग खिशातून कागद काढला.

रक्त नको.
सैतान नको, नावापुरताही.
मेलेल्यांनी उठून बसायचं नाही
("ते एकदाच उठणार आहेत," ती म्हणाली,
"आणि तेव्हा ती गोष्ट नसेल").
चुंबन चालेल, पण शेवटी.
मुलीने कड्यावर एकटं जायचं नाही.
ही ओळ वेगळ्या पेनाने लिहिलेली होती.

मी कागद दोनदा वाचला.
एवढं सगळं वगळल्यावर उरतं काय?
उरतं एक घर.
जिना, जिन्याखालचं कपाट,
कुणीतरी उघडून परत चिकटवलेलं पत्र.
आणि वारा.
वारा तर आमच्याकडे फुकट आहे.

एफी पायरीवर उभी, चौदाची.
नखं काळी, पण मार्करने;
खरं नेलपॉलिश घरात चालत नसावं.
आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती
आणि तिला पक्कं ठाऊक होतं
की आता मी तिच्या हातात
मेंढपाळांचा इतिहास ठेवणार.

मी एक काढलं, पाठीचा कणा उसवलेलं.
खाडीकाठचं घर, घड्याळं दुरुस्त करणारी बाई,
कुलूपबंद खोली,
आणि खोलीत, सांगूनच टाकलं,
कुणीच नाही.

"कुणीच नाही?"
"शपथेवर."
"मग घाबरायचं कशाला?"
"तेच तर," मी म्हणालो, आणि शिक्का मारला.

आधी आई वाचणार, मग मुलगी, असं ठरलं.
तीन आठवड्यांनी: अजून झालं नाही.
पुढच्या खेपेला: घरीच राहिलं, ओव्हनपाशी.
एफी गाडीत शिरली, दार ओढून घेतलं.
"रात्री वाचते ती. न्हाणीघरात.
नळ चालू ठेवून,
म्हणजे बाबांना वाटावं अंघोळ चाललीय."
तिचा चेहरा असा, जणू पाळलेल्या मांजराने
अचानक दार उघडून दाखवलं.

पुस्तक परत आलं एप्रिलमध्ये, फुगून.
मी पानं चाळली.
डोळ्यांत तेल घालून वाचलेलं, पेन्सिलीसकट.
पान अकरा: *नको?*
पान चाळीस: *ठीक.*
पान त्रेसष्ट: *बघू.*
त्यानंतर एकही खूण नाही.
शेवटून तिसऱ्या पानावर,
जिथे ती बाई कुलूप काढते
आणि रिकाम्या खोलीत नुसती जाऊन बसते,
कोपरा दुमडलेला
आणि कांद्याचा वास.

खुणा खोडायच्या असा आमचा नियम आहे.
खोडरबर डॅशबोर्डवरच असतं.

एफीने तिथल्या तिथे उघडलं,
चर्चच्या भिंतीवर, टोपी कानांवर ओढून.
पान अकरावर हसली. मोठ्याने नाही.

इशबेल कपाटाकडे पाठ करून उभी होती,
जणू बसची वाट बघत.
"याच बाईचं आणखी काही?"
"एफीसाठी?"
हीटर घरघरला.
तिने कागद परत मागितला, माझं पेन घेतलं,
बराच वेळ धरून ठेवलं.
शेवटी चुंबनापुढचं *पण शेवटी* तेवढं खोडलं.
वेगळ्या पेनाची ओळ तशीच राहिली.
मी विचारलं नाही.

अडीचला निघालो.
पुढच्या गावात एक म्हातारा असतो,
त्याला फक्त ट्रॅक्टर लागतात.